काचेच्या भांड्यातले कंद

शुक्रीला मूलबाळ नव्हतं. कैनाडच्या पाड्यात तिला त्यावरून कुणी घालूनपाडून बोलत नसे. पण जूनच्या तोंडाशी रानात शेवळं निघू लागली की शेजारची चिमी हमखास विचारायची, "काय गं शुक्रे, तुझी जागा कुणाला दाखवणार? का वर घेऊन जाणार?"

शेवळ्याला पानं नंतर येतात. आधी जमिनीतल्या कंदातून बोटाएवढा जाड कोंब वर येतो, त्याचीच भाजी. प्रत्येक बाईची शेवळ्याची जागा ठरलेली. ती आई लेकीला दाखवते, सासू सुनेला दाखवते, तिसऱ्या कुणाला नाही. शुक्रीच्या सासूने तिला करवंदीच्या जाळीमागचा एक उतार दाखवला होता. तिथे गुरं जात नसत. चाळीस वर्षं शुक्री त्या उतारावरची शेवळं खात आली आणि उरलेली डहाणूच्या बाजारात विकत आली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, तिने ती जागा उमेशला दाखवली. उमेश तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा चार वर्षांचा होता, शुक्रीच्याच ताटात जेवून मोठा झाला. आता तो समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात स्वयंपाकी होता.

"कोंब जमिनीलगत कापायचा," तिने त्याला शिकवलं. "कंद हलवायचा नाही. आणि कापलं की अशी टाचेने माती दाबायची. म्हणजे तो पुढल्या वर्षी परत येतो."

उमेशने कोंब कापला, टाचेने माती दाबली आणि जमलं का म्हणून तिच्याकडे पाहिलं. शुक्रीचा ऊर भरून आला. पोटचा असता तर याहून वेगळं काय केलं असतं?

या वर्षी तिचा गुडघा धरला. उमेश म्हणाला, "मावशी, तू बस. मी जातो वर." एक जुडी त्याने वाघ्यादेवापुढे ठेवली, एक तिला आणून दिली. दोन दिवसांनी मोटारसायकल घेऊन दारात हजर झाला. "चल, आज माझ्या हॉटेलात जेवायला. साहेबांनी खास बोलावलंय. तुझ्या नावाची भाजी ठेवलीय आम्ही."

शुक्रीने ठेवणीतलं लुगडं काढलं. चिमी कुडाला टेकून बघत होती. "जा बाई, जा. उद्यापासून आमच्या हातची आंबील काय तुझ्या घशाखाली उतरायची नाही."

मसोलीवरून समुद्राकडे वळले तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. हॉटेलात शिरल्याबरोबर अंगावर थंडी आली. उमेशने तिला काचेच्या भिंतीजवळच्या टेबलाशी बसवलं, स्वतःच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि आत गेला. टेबलावर एक जाडजूड कार्ड होतं. शुक्री पन्नाशीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकली होती. तिने बोट ठेवून वाचलं. शु, क्री. शुक्री आजीची रानशेवळं. तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या टेबलांवर तेच कार्ड होतं, आणि छान कपड्यातली माणसं तिचं नाव वाचत होती. तिला लाजल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

मग ताट आलं. परातीएवढं ताट आणि मधोमध मूठभर भाजी, वरून पांढरं काहीतरी ओतलेलं. पहिल्या घासालाच तिच्या ध्यानात आलं. काकडाची फळं घातलेली नव्हती. शेवळ्याची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतातच, हे पाड्यातलं शेंबडं पोर सांगेल. इथे नुसतं लिंबू पिळलं होतं. घसा खवखवू लागला. पाण्याचा ग्लास पुढे ओढायला तिने मधलं काचेचं भांडं बाजूला सारलं, आणि हात तिथेच थांबला.

मघापासून तिला ते फूल वाटत होतं. भांड्यात पाणी होतं आणि पाण्यात शेवळं उभं होतं. कापलेलं नव्हे, अख्खं. खाली गोल कंद, कंदाला पांढरी मुळं.

तिने पलीकडच्या टेबलावर पाहिलं. तिथेही तेच. त्याच्या पुढच्याही टेबलावर. दारापाशी तर मोठ्या भांड्यात ढीग घालून ठेवला होता.

उमेश हसत बाहेर आला. "कशी झालीय, मावशी?"

"हे काय आहे?"

"सजावट. लोक फोटो काढतात."

"कुठले कंद हे?"

उमेशने टोपी सारखी केली. "आपल्याच उतारावरचे."

"मागे किती ठेवलेस?"

तो टेबलावरचं कार्ड सरळ करू लागला.

"एकट्याने एवढे काढलेस?"

"साहेबांनी चार माणसं दिली होती. टेम्पो होता."

"माणसं नेलीस तू तिथे?"

"मावशी, हळू बोल. मला वाटलं, रानच आहे, येतील परत."

"असं नाही वाटलं तुला," शुक्री म्हणाली. "टाचेने माती दाबून दाखवलीस ना मला? तुला सगळं ठाऊक होतं."

"साहेब मला मुख्य स्वयंपाकी करणार आहेत," उमेश पुटपुटला.

शुक्री ओरडली नाही. तिने भांड्यातला कंद काढला, पाणी निथळू दिलं आणि पदरात घेतला. मग गुडघा धरून उठली आणि शेजारच्या टेबलाशी गेली. तिथल्या लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच. एकाने टाळ्या वाजवल्या. "कार्डावरच्या आजी ना तुम्ही? एक फोटो घेऊ?" एका बाईने स्वतःच कंद काढून तिच्या पदरात टाकला आणि विचारलं, "आजी, घसा जरा खाजतोय. ही भाजी अशीच असते का?"

"चिंच मागवा आणि चोखा," शुक्री म्हणाली. "आणि ही माझी भाजी नाही."

दारापाशी मॅनेजर आडवा आला. "आजी, हे हॉटेलचं सामान आहे."

"भांडी ठेवलीत तुमची. मोजून घ्या," असं म्हणत तिने दाराजवळचा ढीगही पदरात भरला.

बाहेर रिक्षा उभी होती. उमेश मागून पळत आला. "मी सोडतो, मावशी. दे, ओझं माझ्याकडे दे." त्याने हात पुढे केला. शुक्रीने पदर दुसऱ्या कुशीला घेतला.

"परत उतारावर लावणार ना? मी येतो उद्या. की दुसरीकडे कुठे?"

लहानपणापासून त्याने विचारलं आणि तिने सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"आत जा. गिऱ्हाईकं खोळंबलीत," म्हणत ती रिक्षात बसली.

तिसऱ्या दिवशी उमेश मिठाईचा पुडा घेऊन पाड्यात आला. शुक्रीचं दार लोटलेलं होतं. अंगणात चिमी दगडावर बसून पायाच्या टाचेला लागलेला चिखल काडीने खरवडत होती.

"काकी, मावशी कुठाय?"

"रानात गेली असेल."

"कुठल्या रानात?"

"मला काय सांगून जाते ती?" चिमीने दुसरा पाय वर घेतला. तोही तसाच भरलेला होता.

आत, कुडाला पाठ लावून, शुक्री ऐकत होती. पुडा उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग मोटारसायकल सुरू झाली आणि दूर गेली. शुक्रीने कंदांची रिकामी पाटी कोपऱ्यात सरकवली आणि गुडघ्यावर गरम फडकं ठेवलं. दार तिने उघडलं नाही.