बिनगाठीची शिवण

गुम्जाच्या हाताला वळण नाही आणि जिभेला हाड नाही. पंच्याहत्तरी उलटली तरी कामाला बसली की एक डोळा घड्याळावर. तिची थोरली जाऊ ओक्बुन हे पन्नास वर्षं बघत आली होती. आज ते स्वतःच्या जायच्या कपड्यांवर बघायची वेळ आली.

जायचे कपडे, म्हणजे मेल्यावर अंगावर चढवायचे, शिवायचे ते अधिक महिन्यात. त्या महिन्यात देवांचं लक्ष नसतं, कशाचीच बाधा होत नाही. सकाळी कापड कापायचं, दिवस मावळायच्या आत घडी घालायची, आणि दोऱ्याला कुठेही गाठ मारायची नाही. गाठ राहिली तर जीव तिथेच अडकतो, मागे राहिलेल्या पोराबाळांची कामंही अडतात. टाका संपला की बोटभर दोरा मोकळा सोडायचा, बस. पण खळीच्या तागात बिनगाठीचा दोरा ठरतो थोडाच? जरा ओढला की सगळी ओळ सुटून हातात. पुन्हा पहिल्यापासून.

दोघी जावांचं ठरलं होतं, एकमेकींचे शिवायचे. बारा दिवसांपूर्वी ओक्बुननं गुम्जाचे शिवून दिले. बाही चार वेळा सुटली, डोळ्यांना धार लागली, पण गाठ मारली नाही. गुम्जाच्या सुनेला असले कपडे घरात नको होते, म्हणून ते गाठोडं ओक्बुनच्याच पेटाऱ्यात होतं. आज महिन्याचा शेवटचा दिवस. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी, आणि ओक्बुन एक्याऐंशीची.

चार वाजता गुम्जा घड्या घालू लागली. पाचला तिची मालिका लागते. ओक्बुननं घागऱ्याच्या पट्ट्यावर आतून अंगठा फिरवला. वरीच्या दाण्याएवढं काही लागलं. पुढे आणखी एक. अकरा मोजले.

"गुम्जा, हे काय?"

"काय असायचंय, जाऊबाई. टाका."

"टाका बोटाला टोचत नाही."

गुम्जानं खरबुजाची फोड तोंडात टाकली. "मेलं कापडच बेकार तुमचं. पाच वेळा शिवलं, पाच वेळा सटकलं. गाठी आतून मारल्यात, दिसत नाहीत. तिथं कोण उलटं करून बघणार आहे?"

"तुझे भावोजी बघतील. वीस वर्षं तिथं वाट बघतायत."

"मग त्यांनाच सोडवायला सांगा. जन्मभर तुमच्या गाठी त्यांनीच सोडवल्या."

ओक्बुन हसली नाही. अंगणातल्या झाडाची सावली लोणच्याच्या रांजणांपर्यंत आली होती. अकरा गाठींच्या शिवणी उसवून पुन्हा घालायच्या तर अख्खा दिवस हवा, आणि हातात दोन तास.

"तोंड नका पाडू," गुम्जा बोटं चाटत म्हणाली. "तीन वर्षांनी परत येतो की महिना. तुम्हाला काय घाई?"

ओक्बुन उठली. पेटाऱ्यातून गुम्जाचं गाठोडं काढून तिच्यासमोर सोडलं. तिच्या पोरानं तागासाठी नावाजलेल्या आन्दोंगहून आणलेला, गुम्जानं गावभर मिरवलेला पिवळसर ताग.

"बघ, एक तरी गाठ सापडते का."

गुम्जानं सगळ्या शिवणी चाचपल्या. तिची मान ताठ झाली. "तुमचा हात तो तुमचा हात, जाऊबाई. मी सगळ्यांना सांगते, माझ्या कपड्यांसारखे कपडे पंचक्रोशीत कुणाचे नाहीत."

"माप तेच ना दोघींचं?"

"मेलेल्याला कसलं माप. ढगळच कापतात."

ओक्बुननं गाठोडं पुन्हा बांधलं. नातवाच्या दप्तरातून जाड पेन घेतलं, कागदाची पट्टी फाडली. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. लिहिता यायचं ते एवढंच, स्वतःचं नाव. ते तिनं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं आणि पट्टी आन्दोंगच्या तागावर खोचली.

गुम्जाच्या हातातली फोड तशीच राहिली. "जाऊबाई, ते माझं आहे. माझ्या थोरल्यानं आणलंय."

ओक्बुननं गाठोडं पेटाऱ्यात ठेवलं, किल्ली कमरेला खोचली आणि अकरा गाठींचे कपडे उचलून गुम्जाच्या मांडीवर टाकले.

"मी शिवलं ते मी नेसून जाईन. तू शिवलंस ते तू नेस, तुझ्या गाठी तुझ्याबरोबर ने. आणि उसवत बसू नकोस, मालिका चुकेल. तीन वर्षांनी परत येतो की महिना."