दुमडलेली बाजू

वाया गेलेला फोटो, हीच माझी पहिली ओळख. मित्रांनो, मी काळा-पांढरा, कडेला नक्षी कातरलेला जुना फोटो आहे, आणि वाया मुळीच गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका स्टुडिओत झाला. काळ्या कापडात डोकं खुपसून फोटोग्राफरनं कुणी हलायचं नाही म्हणून बजावलं. खुर्चीवर अक्का बसली होती. उजवीकडे तिचा धाकटा भाऊ उभा होता, आणि नेमका तोच हलला. अक्काचं हसू काय सुरेख उतरलं! भावाच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढुरका धूर. घरच्यांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली आणि मला अल्बममध्ये अगदी शेवटच्या पानावर टाकलं. पाहुणे अक्काचं हसू वाखाणायचे आणि भावाला ‘हललेला’ म्हणून चिडवायचे. कौतुक मी विसरून जायचो, चिडवणं तेवढं मनाला लागायचं.

पुढे घर बदललं, सामानाची पांगापांग झाली आणि मी अल्बमसकट भंगारात गेलो. तिथून मला एका बाईंनी उचललं. जुनी तिकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं, साबणाची वेष्टनं आणि कुणाकुणाचे फोटो कापून, चिकटवून त्या नवी चित्रं करायच्या. बोटं सदा खळीनं माखलेली, म्हणून गल्लीतली मुलं त्यांना चिकटमावशी म्हणत. मावशींचा एक नेम होता. अनोळखी माणसांचा फोटो कापण्याआधी त्या तो महिनाभर रस्त्याकडच्या काचेत लावत. ज्याचं माणूस असेल त्यानं घेऊन जावं, नाहीतर कात्री ठरलेली.

मलाही लावलं. पण ती धुरकट बाजू बरी दिसेना, म्हणून मावशींनी ती मागे दुमडून टाकली. खरं सांगतो, एवढा अपमान मला भंगारातही वाटला नव्हता. काचेत अक्का एकटीच हसत राहिली. महिना सरत आला. मावशींनी पुठ्ठ्यावर तिकिटांच्या मधोमध माझी जागाही आखली.

अशात एक आजोबा काचेपाशी थबकले, पुढे गेले, परत फिरले आणि आत आले. ही माझी अक्का, म्हणाले, आता ती नाही, आणि तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मावशी सावध झाल्या. गोड चेहरा बघून फोटो आपलाच म्हणणारे याआधीही येऊन गेले होते. त्यांनी खूण विचारली.

"फोटोत तिच्या उजवीकडे मी आहे. हललेला," आजोबा म्हणाले. "अक्कानं मागून चिमटा काढला होता. तेच हसू दाबून बसलीये बघा ती."

मावशींनी मला काचेतून काढलं आणि घडी उलगडली. धूर जागच्या जागी होता. आजोबा खळखळून हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मावशी ओशाळून माझी घडी बोटानं सपाट करत राहिल्या. ती रेघ काही गेली नाही, पण माझी तक्रार नाही. पुठ्ठ्यावरची माझी जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली. ते चित्र तसंच छान दिसतं म्हणे.

आता मी आजोबांच्या टेबलावर मजेत असतो. मित्रांनो, तुमच्याही घरी फोटो असतील. त्यांना दुमडू नका. आणि घरात सांगणारं कुणी आहे तोवर, त्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं, हलक्या हातानं दोन शब्द लिहून घ्या. माझ्या कोऱ्या पाठीवर आजोबांनी घरी पोचताच लिहिलं, "अक्का, मला चिमटा काढताना."