हेडविगचा आकडा

हेडविगने वायुवेगमापक डोक्याच्या वर धरला आणि डाव्या हातातल्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले. चार पितळी वाट्या गरगरत होत्या. दहा पावलांवर, टेकडीच्या माथ्यावर, तिचा नवरा राइनहोल्ड पट्टे आवळून उडायच्या पंखाखाली उभा होता. वाळुंजाच्या काठ्या, त्यांवर ताणलेलं मेणकापड. एक टोक धाकट्या दिराने, आल्ब्रेख्टने, धरलं होतं.

"वहिनी, बोला लवकर! की आजही नुसती बिअर पिऊन घरी?"

तीन आठवडे हेच चाललं होतं. वारा सेकंदाला सात मीटरच्या वर असेल तर उडी नाही, हा राइनहोल्डचाच नियम. आणि तीन आठवडे हेडविग प्रत्येक आकड्यात दोन मिळवत होती. साडेपाचाचे साडेसात, सहाचे आठ. जूनमध्ये तो पडला, तेव्हा त्याच्या मनगटाचं हाड बाहेर आलेलं तिने पाहिलं होतं.

आज तिने फेरे दोनदा मोजले आणि तिचा जीव हलका झाला. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"आठ!" ती ओरडली.

राइनहोल्डने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हसला. आल्ब्रेख्टला काहीतरी म्हणाला आणि उतारावरून धावत सुटला.

तिच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. पंख खालच्या कोठारांच्या छपरांहून उंच गेला, हवेत थबकला, मग त्याची डावी बाजू मुडपली. नऊ सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दफनानंतर चौथ्या दिवशी आल्ब्रेख्ट तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पुढ्यातल्या सुपाच्या वाडग्याला त्याने हात लावला नाही. पंखाचा तुटलेला जोड आणि भावाची वही त्याने टेबलावर ठेवली.

"हा जोड मी बांधला होता, वहिनी. सहाच्या वाऱ्यात तुटला."

"सहा?"

"पळण्याआधी मला म्हणाला, 'म्हणजे सहा.' तेव्हा कळलं नाही. काल वही वाचली."

तिने वही ओढून घेतली. तारखा, आणि पुढे दोन रकाने. एकावर 'हेडविग', दुसऱ्यावर 'फीत'. ती टेकडी उतरून गेल्यावर तो मागे थांबून वाऱ्यावर फीत सोडायचा आणि ती किती वेळात किती लांब जाते त्यावरून वारा पुन्हा मोजायचा. प्रत्येक ओळीत फरक दोनचा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'बिचारी भिते. तिला हे सांगायचं नाही. यापुढे आपणच दोन वजा करावेत.'

हेडविगने ती ओळ तळव्याने झाकली.

"सहाच्या वाऱ्यात असला पंख मोडत नाही," आल्ब्रेख्ट म्हणाला. "माझाच हात कच्चा. आईला सांगितलं मी, तुझ्या थोरल्याला मी मारलं."

चुलीवर किटली खदखदत होती. ती उठली नाही.

"वारा आठ होता, आल्ब्रेख्ट."

त्याने मान वर केली.

"मी दोनदा मोजला. त्या दिवशी खरंच आठ होता."

त्याचे डोळे भरून आले. त्याने वहीवरचा तिचा हात हलकेच थोपटला.

"फार चांगल्या आहात तुम्ही, वहिनी," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी आता खोटं नका बोलू."