ब्लॉक नसल्याचा दाखला

नागसेनने कपाटातला शेवटचा गठ्ठाही टेबलावर पालथा केला आणि एकेक कागद चाळायला घेतला. हरकतीचा छापील नमुना सापडला, तोही चांगल्या चाळीस प्रतींत. 'माझे उत्पादन उपकरपात्र ठरवल्याबद्दल हरकत.' त्याला हवी होती ती याच्या उलट. उपकरातून वगळल्याबद्दलची हरकत. तसा कागद त्या कपाटात नव्हता.

"काय शोधून राह्यला?" शेखरने विचारलं. शेखर मंडळाचा चिटणीस. चिखलीच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत ते दोघेच बसत.

"यादीत घ्या म्हनायचा अर्ज."

"म्हंजे?"

"एखाद्याले वाटलं, आपल्या मालावर उपकर लागला पाह्यजे, तर त्यानं काय भरायचं?"

शेखर हसला. नागसेन हसत नाही हे पाहून त्याने खुर्ची पुढे ओढली.

"बेबीताईचं म्हनतो काय? ते आता नाही होत गड्या. तिचा तक्ता वर गेला, शिक्का बसला. आता फेरतपासणी तीन वर्षांनी."

"अन् चूक आपली असली तर?"

"आपली कुठं? सही तुही हाय."

जिल्ह्यातल्या सिमेंटचे ब्लॉक पाडणाऱ्यांनी मिळून हे मंडळ काढलं होतं. प्रत्येक ब्लॉकमागे थोडका उपकर घ्यायचा आणि त्यातून मालाची तपासणी करायची, असा बेत. मात्र उपकर कशावर लावायचा, हे कोणीतरी जागेवर जाऊन ठरवायला हवं होतं. ते काम नागसेनकडे आलं. स्थापत्याचा डिप्लोमा करून तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी, तीही कंत्राटी. मोटरसायकलच्या डिकीत टेप आणि छापील तक्ते घेऊन तो गावोगाव फिरला. रस्त्यावर अंथरायचे ब्लॉक भिंतीत जात नाहीत, ते बाहेर. जाळ्या, कुंड्या, नालीवरचे ढापे, कुंपणाचे खांब, सगळे बाहेर. नियम एका ओळीचा होता: 'भिंतीच्या बांधकामासाठी यंत्राने दाबून तयार केलेला पोकळ अथवा भरीव ठोकळा.' त्या ओळीने त्याला फारसं कुठे अडवलं नव्हतं. अडवलं ते अमडापूरच्या रस्त्यावर, बेबीताईच्या जागेत.

नवरा गेल्यावर बेबीताईने ब्लॉक पाडणं बंद केलं नव्हतं. सून दगडाची चुरी आणि सिमेंट कालवून साच्यात भरायची आणि बेबीताई लोखंडी दांड्यावर आपला सगळा भार टाकायची. भार पुरेना म्हणून ती उडी घेऊन त्यावर पोटाने लोंबकळे, तेव्हा कुठे साचा दबे. एका वेळी एकच ब्लॉक. तिने नागसेनकडे काही मागितलं नाही. चहा दिला आणि पुन्हा कामाला लागली. नागसेन पाऊण तास 'यंत्राने' या शब्दापाशी बसून राहिला. वाटलं तर हे यंत्र होतं, वाटलं तर नव्हतं. एक बाई पोटावर वळ उठवून ब्लॉक पाडते आणि त्यावर आपण कर लावायचा? त्याने लिहिलं: 'मोटार नाही. हाताच्या दाबाने उत्पादन. व्याख्येत बसत नाही. उपकरास अपात्र.' त्या दिवशी त्याने रोहिणखेडला आईला फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, नोकरीचं चीज केलंस. दोन दिवस त्याला भाकरीसुद्धा गोड लागत होती.

आणि आज सकाळी घरकुल योजनेच्या कचेरीतून पत्र आलं. यापुढे घरकुलांच्या भिंतींना उपकराच्या यादीतल्या जागेचाच ब्लॉक चालेल, कारण तपासणी त्याच मालाची होते. दुसरा ब्लॉक लावला तर घरकुलाचा पुढचा हप्ता निघणार नाही. मंडळाचे अध्यक्ष भगवानराव, मलकापूरकडच्या हमरस्त्यावर त्यांची मोठी स्वयंचलित मशीन. बैठकीत हा विषय त्यांनीच मांडला होता आणि नागसेनने टाचण लिहून घेतलं होतं. मालाचा दर्जा राहिला पाहिजे, असं ते म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त खेड्यापाड्यांत आता घरकुलाशिवाय दुसरं बांधकाम नव्हतं.

नागसेनने कागद जसेच्या तसे टेबलावर सोडले आणि गाडीला किक मारली.

बेबीताईच्या जागेत दोन माणसं बसलेली होती. तिने त्याला पाहिलं आणि हात पदराला पुसत पुढे आली.

"जयभीम साहेब! शंभर वर्षं आयुष्य हाय तुमाले. आता तुमचंच नाव काढलं."

"जयभीम ताई. मले जरा बोलायचं होतं."

"बोलजा ना. पह्यले बसा. हे रंगराव, अन् हे मोतीराम. दोघायचीबी माह्यासारखी हातमशीन हाय. तुमी यायच्याकडं अजून गेलेच नाही. म्या म्हनलं, काऊन भेता? साहेब गरिबाचं पाह्यनारा मानूस हाय. मले सोडलं, तुमालेबी सोडतीन."

रंगरावने नमस्कार केला. साठीचा माणूस, पांढरी टोपी, मनगटावर सिमेंटने पडलेल्या भेगा. मोतीराम त्याच्यापेक्षा लहान. तो उठला आणि उभाच राहिला. थोड्या वेळाने सुनेने पितळीत गरम भजी आणून ठेवली. ती खास नागसेनसाठी तळली होती हे दिसत होतं. त्याने एक हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मी तुमच्याकडं येनारच होतो," तो रंगरावला म्हणाला. "पन मी तुमाले सोडनार नाही. तुमचा ब्लॉक यादीत घेनार हाय."

सुनेने बेबीताईकडे पाहिलं.

"काऊन?" रंगराव म्हणाला. "बाईची मशीन अन् आमची मशीन येगळी हाय काय?"

"नाही. एकच हाय."

"मंग?"

नागसेनने पत्राचं सांगितलं. सावकाश, एकेक गोष्ट सुटी करून. यादीत नाव नसेल तर घरकुलाला माल चालणार नाही, म्हणून यादीत राहणंच बरं. सांगताना त्याला स्वतःलाच ते बनाव केल्यासारखं ऐकू येत होतं. जो माणूस मागच्या महिन्यात एकीला सूट देऊन गेला, तोच आज सांगतो की सूट वाईट आहे.

रंगराव शांतपणे ऐकत होता. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भगवानरावनं पाठवलं काय तुमाले?"

"नाही हो."

"मंग सरळ सांगा ना, काय पाह्यजे ते. फिरवून काऊन बोलता? बाईकडून काय भेटलं, तेवढं आमीबी देऊ."

"रंगराव," बेबीताई म्हणाली, "तोंड सांभाळा. माह्याकडं च्या पेले ते, बस."

"मंग आमच्याच वक्ताले कायदा बदलला?" रंगराव उठला. "आमी चाळीस वर्षं ब्लॉक पाडले. कोनी इचारलं नाही का यंत्र हाय का काय हाय. तुमच्या त्या कागदावर मी सही करत नाही."

तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज अमडापूरकडे लांबत जाईपर्यंत बेबीताई त्या दिशेला पाहत राहिली. मग ती नागसेनसमोर, जमिनीवरच बसली.

"साहेब, मंजुळाबाईच्या घरकुलाचा पाया झाला. भिंतीचा माल माह्याकडून हाय. उद्या तिचे पोरं ट्रॅक्टर घेऊन येतीन."

"नाही चालनार, ताई."

"दोन हजार ब्लॉक हायेत ते."

"हाव."

"माह्या ब्लॉकमंदी काही खोट हाय? फुटते काय?"

"नाही. चांगला हाय ब्लॉक."

"मंग त्याले झालं काय?"

नागसेनने हातातलं भजं पितळीत परत ठेवलं. त्याच्या बोटांना तेल लागलं होतं. ते कुठे पुसावं हे त्याला कळेना.

"मी लिहिलं ना ताई," तो म्हणाला, "तो ब्लॉकच नाही म्हनून."

बेबीताईने मान हलवली, जणू एखादा पत्ता कळला.

"अन् ते खोडता येत नाही."

"तीन वर्षं नाही. सकाळपासून त्याचाच कागद शोधून राह्यलो. तसा कागदच नाही. यादीतून काढा, असं सांगायचा हाय. यादीत घ्या म्हनायचा कोनी छापलाच नाही."

"कोन छापन. लोकाले वाटलं, असं कोन मांगते."

सून आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. नागसेनला वाटत होतं, बेबीताईने काहीतरी बोलावं, रंगरावसारखं उठून जावं, निदान त्याच्याकडे रागाने पाहावं. ती त्याच्या पुढ्यातली पितळी थोडी त्याच्याकडे सरकवत म्हणाली,

"खा. गार होऊन राह्यले. तुमी वाईट थोडंच केलं. माह्या भल्याचंच लिहिलं होतं ना."



ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मोतीराम अजून तिथेच उभा होता, रंगरावमागे जावं की थांबावं हे न ठरल्यासारखा.

"लिहू दे त्यायले, मोतीराम," ती म्हणाली. "तुहं तरी नाव राह्यलं पाह्यजे."

"पन उपकर..."

"भर उपकर. भरशीन तर इकशीन."

मोतीराम येऊन बसला. नागसेनने तक्ता काढला, पेनाचं टोपण उघडलं. 'उत्पादनाची पद्धत' या रकान्यापाशी तो थांबला. मोतीरामची मशीन त्याने पाहिलेली नव्हती, पण ती कशी असेल हे समोरच दिसत होतं. तोच दांडा, तोच साचा. एक दिवस शेखर बेबीताईचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवील आणि विचारील. त्याने लिहिलं: 'यंत्राने.'

पलीकडे बेबीताईने पाइप ओढत आणला होता. टाकीचा कॉक सोडून ती ब्लॉकच्या थप्पीवर पाणी मारू लागली. वरच्या ओळीपासून खाली, प्रत्येक ब्लॉक भिजेल असं, घाई न करता. थप्पी लांब होती. पार बाभळीपर्यंत गेलेली.

मोतीरामला राहवलं नाही.

"बेबीताई, आता कायले पानी मारता?"

"कालचे हायेत," ती मागे न पाहता म्हणाली. "आज पानी नाही भेटलं त तडकतीन."

नागसेनने मोतीरामला बापाचं नाव विचारलं आणि त्याने सांगितलं तसं, चांगल्या अक्षरात, लिहून घेतलं.