अली भाईने चावी काढली, ती सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. एसटीची नव्हे, कारखान्याची. एसटीच्या बसला नवीन नवीन गावं पाहायला मिळतात. मी मात्र आयुष्यभर एकच रस्ता केला. पळसदरीहून निघायचं, कर्जतला भरायचं, चौक फाट्यावर उरलेली माणसं घ्यायची आणि रसायनीच्या अलीकडे एका कारखान्याच्या फाटकात जाऊन उभं राहायचं. त्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. परत येताना तोच रस्ता उलटा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रस्त्यात सांगण्यासारखं काय असणार? आहे, मित्रांनो. माझ्या आयुष्यात एक सकाळ अशी आली की त्या दिवशी मी रस्त्यात थांबले, आणि त्या थांबण्याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझं इंजिन आणि सांगाडा कुठून तरी लांबून आला. पत्रा, खिडक्या आणि चौतीस आसनं खोपोलीच्या एका शेडमध्ये बसवली गेली. रंग सुकत होता तेव्हा एक उंच, किडकिडीत माणूस आला. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरांवर बोटाने टकटक केलं आणि मग बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवली. तो अली भाई, कर्जतच्या दहिवलीचा. माझा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी पळसदरीच्या थांब्यावर भागूबाईने माझ्यासमोर नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. भागूबाई पॅकिंग खात्यात होती. झाकणांची पिशवी हातात घेतली की शंभरात एक कमी असलं तरी ती वजनावरून ओळखायची.

ते दिवस चांगले होते. सकाळी मला अली भाई चालवायचा, परतीला गजा. गजा म्हणजे आमचा दुसरा ड्रायव्हर, गाडीइतकाच तोंडाने चालणारा. काम आठ तासांचं, रविवार सुट्टीचा. चौक येईपर्यंत माझ्यात नुसता गलका असायचा. थंडीत कोणी पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या शेंगा आणायचं, कोणाच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकट. कोणाची मुलगी दहावीला पहिली आली, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, सगळं मला ठाऊक. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ चढायची. कारखान्याचे मोठे साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आपल्याकडे एक गोष्ट कधी उशिरा येत नाही, ती म्हणजे अलीची गाडी." त्या दिवशी अली भाईने मला फाटकापासून घरापर्यंत फडक्याने पुसत नेलं असतं, जमलं असतं तर.

मग एक मोठी ऑर्डर आली.

पहिल्यांदा सगळे खूश झाले. पेढे वाटले. मग आठाचे दहा तास झाले, दहाचे बारा. "दोनच महिने," असं सांगितलं होतं. ते दोन महिने संपेचनात. रविवारची सुट्टी गेली. गजाच्या घरी बारसं होतं, त्यासाठीही त्याला रजा मिळाली नाही. तो चावी टेबलावर ठेवून निघून गेला. त्याच्या जागी नवा माणूस घेतला नाही. दोन्ही फेऱ्या अली भाईकडे आल्या. दिवसा तरी त्याने पाठ टेकावी, तर मला घेऊन खोपोलीहून खोकी आणायचं कामही त्यालाच लावलं.

हळूहळू माझ्यातली बोलणी थांबली. कर्जतचा पूल ओलांडेपर्यंत सगळ्यांच्या माना पडलेल्या असायच्या. चौक कधी आलं ते कोणाला कळायचं नाही. डबे सकाळी जसे भरून जायचे तसेच अर्धे परत यायचे. झाकणं तपासणारी इंदूबाई बावीस वर्षांची नोकरी सोडून घरी बसली. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "मला आता झाकणं डोळे मिटले तरी दिसतात."

माझ्याकडेही कोणी बघेना. माझ्या पुढच्या पाटीवर 'कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलं होतं. त्यातला 'र्म' उन्हापावसाने उडाला आणि उरलं 'कचाऱ्यांसाठी'. रस्त्यावरची शाळेतली पोरं बोट दाखवून हसायची. मला वाईट वाटायचं, पण तक्रार कोणाकडे करणार? अली भाईलाही ते दिसलं नाही. त्याला आजकाल बरंच काही दिसत नव्हतं.

माझ्या पहिल्या आसनावर माधवी बसायची. हजेरी, रजा, माणसांच्या अडचणी, हे सगळं पाहण्याचं काम तिचं. लोक तिला एचआरची मॅडम म्हणायचे. तिचा फोन गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत वाजायचा. कोण येणार, कोण नाही, का नाही, त्याच्या जागी कोण. एकदा वरून हुकूम आला की कामगारांचा ताण कमी व्हावा म्हणून व्याख्यान ठेवा. माधवीने विचारलं, कधी? उत्तर आलं, रविवारी, म्हणजे कामाचा वेळ जाणार नाही. मित्रांनो, चार महिन्यांतून पहिल्यांदाच मिळालेला तो रविवार. मी सगळ्यांना घेऊन गेले. पाहुणे विश्रांतीचं महत्त्व सांगत होते आणि समोर सगळं सभागृह घोरत होतं. येताना माधवी खिडकीकडे तोंड करून बसली. तिची ओढणी ओली झालेली मी पाहिली.

आता ती सकाळ सांगते.

गजा गेल्यापासून त्रेचाळीस दिवस अली भाईला एकही सुट्टी मिळाली नव्हती. त्या दिवशी निघताना त्याच्या बायकोने, हाजराने, त्याला म्हटलं होतं, "आज नको जाऊ. डोळे बघ कसे लाल झालेत." तो म्हणाला, "चौतीस माणसं थांब्यावर उभी असतील गं." आणि आला.

कर्जत गेलं. सूर्य वर आला होता, रस्ता मोकळा होता. चौकची माणसंही चढली. चौकच्या थोडं पुढे एक ओहोळ आहे, त्यावर लहानसा पूल. तो दिसला तेव्हा स्टिअरिंगवरचे अली भाईचे हात मला सैल लागले. मी डावीकडे जाऊ लागले. चाकं डांबरावरून मातीत उतरली. कठडा पुढे येत होता आणि हात तसेच सैल होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. हॉर्न माझा असला तरी तो वाजवायला माणूस लागतो.

ओरडली ती भागूबाई. खड्ड्याने तिला जाग आली होती.

"अली भाय! गाडी रं! गाडी!"

त्याने डोळे उघडले आणि दोन्ही पाय ब्रेकवर टाकले. मी किंचाळत थांबले. माझ्या नाकात आणि कठड्यात एक वीत अंतर राहिलं होतं. खाली दगड दिसत होते.

कोणाला काही झालं नाही. पाठीमागे कोणाचा तरी डबा उघडून भात सांडला, एवढंच.  मग अली भाईने चावी फिरवली, काढली आणि मुठीत घट्ट धरली.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. "माफ करा. मी आता गाडी चालवणार नाय."

माधवीचा फोन वाजला. पलीकडे व्यवस्थापक इंगवले साहेब होते. मशिनं सुरू करायची वेळ झाली होती. काय घडलं ते तिने सांगितलं. माझ्या दारात उभी राहून ती बोलत होती, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"कोणाला लागलं का?"

"नाही, साहेब."

"मग निघा लवकर. त्याला म्हणावं, तोंडावर पाणी मार."

माधवीने अली भाईकडे पाहिलं. तो रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. भागूबाई त्याला पाणी देत होती. एकेक करून सगळेच खाली उतरले होते. कोणी ठरवलं नव्हतं. पण परत चढायला कोणी तयार नव्हतं.

"साहेब," माधवी म्हणाली, "गाडी निघणार नाही. तुम्हीच इथे या."

"तू कोणाशी बोलते आहेस, माधवी?"

"तुमच्याशीच. या आणि कठडा बघा."

तिने फोन बंद केला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो तिने स्वतः बंद केला होता.  भागूबाई तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे गं. जीव तर हाय!" दोघी एकदम हसल्या आणि लगेच रडल्या.

अर्ध्या तासाने साहेबांची गाडी आली. ते रागातच उतरले. "ऑर्डरची तारीख महिन्यावर आली आहे आणि तुम्ही इथे सहलीला बसल्यासारखे बसलात? अली, एवढ्या वर्षांची तुझी नोकरी, तुला लाज..."

अली भाई उठला. त्याने साहेबांचा हात धरून त्यांना माझ्या पुढच्या चाकापाशी नेलं. साहेबांनी वाकून पाहिलं. मातीत ओढलेल्या चाकांच्या रेघा, मग ती एक वीत, मग कठडा, मग खालचे दगड. 

"साहेब," अली भाई म्हणाला, "हिचं इंजिन तापलं तर लाल दिवा लागतो. तो लागला की तुमीच सांगता, गाडी उभी कर. आमाला दिवा नाय. आमी सांगितल्याबिगर तुमाला कळणार कसं? म्हणून आज सांगतोय."

"मी फक्त आजच्या दिवसापुरता दुसरा ड्रायव्हर बोलावतो," साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"आणि मशीनवरचे हात कुठून बोलावणार?" भागूबाईने विचारलं. "आधी मी पिशवी हातात घेतली की मोजत नव्हते. आता चार वेळा मोजते आन् तरी चुकते. काल तीन खोकी परत आली ती माझी होती. ह्या हातांची मला वळख राहिली नाय, साहेब."

माधवीने वहीतलं पान फाडलं, माझ्या बॉनेटवर ठेवलं आणि लिहिलं. आठ तास. रविवारची सुट्टी. गाडीला दोन ड्रायव्हर. घरी गेल्यावर कोणालाही कामाचा फोन नाही. पान तिने साहेबांपुढे धरलं.

"हे मालकांना वाचून दाखवा, साहेब. तुमच्यासाठीही आहे. तुम्ही साताऱ्याला घरी कधी गेलात शेवटचे?"

साहेब उत्तर द्यायला गेले आणि त्यांना आठवेना. खरंच आठवेना. ते माझ्या पायरीवर बसले. जवळून पाहिल्यावर मला कळलं, त्यांचेही डोळे अली भाईसारखेच लाल होते. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. पलीकडचा आवाज चढत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "नाही सर, संप नाही. ही माणसं आज मरता मरता वाचली आहेत. महिनाभर असं करून पाहू. माल वेळेत गेला नाही तर मला काढा. पण बारा तासांची पाळी आता मी लावणार नाही."

मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर". शेवटी त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मान वर केली.

"मालक हो म्हणाले. एक महिना."

मित्रांनो, चौतीस माणसांनी त्या पुलावर जो गजर केला तो ऐकून रस्त्याने चाललेला टेंपोवाला थांबून विचारू लागला, लग्न कोणाचं?

त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी मिळाली. अली भाई दहिवलीला जाऊन झोपला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. हाजराने त्याला जेवायलासुद्धा उठवलं नाही.

पहिला आठवडा जड गेला. माल कमी निघाला आणि साहेब नखं खात फिरले. दुसऱ्या आठवड्यात परत येणारी खोकी कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात भागूबाईच्या टेबलावरून एकही खोकं परत आलं नाही. माधवी स्वतः गजाच्या घरी गेली, बाळाला टोपडं दिलं आणि त्याला परत घेऊन आली. तो आल्या आल्या पाटीपर्यंत चढला आणि रंगाच्या डब्यात बोट बुडवून त्याने तो उडालेला 'र्म' भरून काढला. अक्षर जरा वाकडं आलंय, पण मला ते फार आवडतं. ऑर्डरचा शेवटचा ट्रक ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी फाटकाबाहेर पडला. इंगवले साहेबांनी त्यावर गुलाल उधळला आणि त्याच संध्याकाळी पिशवी भरून साताऱ्याची गाडी पकडली. महिना संपला, पण बारा तास काही परत आले नाहीत. इंदूबाई आता पुन्हा कामावर येते. ती झाकणं तपासत नाही, नव्या मुलींना शिकवते.

चौक फाट्यावर दुसऱ्या कारखान्यांच्या बसही उभ्या असतात. त्यांचे ड्रायव्हर अली भाईला घेरून विचारतात, कसं केलंत? तो म्हणतो, "काय नाय केलं. थांबलो." या वर्षी आणखी दोन कारखान्यांनी बारा तासांची पाळी बंद केली. त्या दोन्ही बस आता मला पाहिलं की हॉर्न देतात. मीही देते. म्हणजे अली भाई देतो, पण ते माझंच म्हणणं असतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी कामावरून येत असेल. आई असेल, बाबा असतील, ताई असेल. चप्पल काढून ते नुसतेच भिंतीकडे पाहत बसले, जेवण तसंच राहिलं, हसू उशिरा आलं, तर समजून घ्या. त्यांना पाणी द्या आणि विचारा, "फार दमलात का?" आणि तुम्ही मोठे होऊन कोणाला काम द्याल, तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांकडेही एकदा पाहा. थकलेल्या माणसाला थांबायची लाज वाटू देऊ नका.

आज रविवार आहे. मी दहिवलीला चिंचेखाली उभी आहे. समोरच्या ओट्यावर चादर ओढून अली भाई झोपलाय, आणि दहा वाजून गेलेत.

जरा हळू बोला. त्याला उठवू नका.