बाईंच्या मापाचा झगा

मी एक जुना झगा आहे. रंगाने किरमिजी, काठाला जर, आणि वास विचाराल तर डांबराच्या गोळ्यांचा. विद्यापीठाच्या कुलगुरूंनी पदवीदान समारंभात मला अंगावर घ्यायचे, एवढेच माझे काम. वर्षातून एक दिवस मिरवायचे आणि उरलेले वर्ष कपाटात लटकायचे. मित्रांनो, तुम्हाला माझा हेवा वाटत असेल. पण कपाटात बोलायला कोणी नसते.

मला शिवले ते पहिल्या कुलगुरूंसाठी. ते चांगले ताडमाड होते. शिंप्याने तेव्हाच बजावून ठेवले, की पुढे कोणी ठेंगणा आला तर काठ आत दुमडा, पण कात्री लावू नका; त्याच्यानंतर पुन्हा कोणी उंच येईल. दुसरे कुलगुरू ठेंगणे तर होतेच, वर गोलमटोलही. समारंभ संपेपर्यंत माझ्या बटणांचा जीव मुठीत असे. तिसरे भाषणाला उभे राहिले की आवरते घ्यायचे नावच काढत नसत. मागच्या रांगेतली मुले डुलक्या घेत आणि खरे सांगायचे तर मीही पेंगायचो. जाणाऱ्या कुलगुरूंनी येणाऱ्यांच्या खांद्यावर मला स्वतःच्या हाताने घालायचे, अशी इथली रीत होती. टाळ्यांचा कडकडाट होई. त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत, असे मला वाटे.

चौथे कुलगुरू मुदतीआधीच राजीनामा देऊन गेले आणि बाई आल्या. बाई गणित शिकवत. नवी नेमणूक होईपर्यंत थोडे दिवस त्यांनी काम पाहावे, असे ठरले. थोड्या दिवसांची वर्षे झाली, तरी वरून हुकूम काही येईना. आणि प्रभारी माणसाने मला अंगावर घ्यायचे नाही, हीसुद्धा इथली रीतच!

माझे कपाट कुलगुरूंच्या दालनातच असल्यामुळे मला सारे ऐकू येई. रखडणारे निकाल बाईंनी वेळेवर लावले. वसतिगृहाचे पाणी बंद पडले आणि मुले घोषणा देत आली, तेव्हा बाई खाली जाऊन त्यांच्यातच पायरीवर बसल्या आणि नळाला पाणी आल्यावरच उठल्या. संध्याकाळी मात्र दालन रिकामे होई. यजमान वारलेले, मुलगी दूरदेशी. एवढ्या मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बाई एकट्या डबा खात. मुलीचा फोन आला की तिचा प्रश्न ठरलेला असे, आई, झालं का गं पक्कं? बाई म्हणत, होईल. मग डब्याचे झाकण लागल्याचा आवाज येई.

समारंभाच्या दिवशी बाई चारचौघा प्राध्यापकांसारखा काळा झगा घालून जात. निघण्यापूर्वी कपाट उघडून माझ्या बाहीवरची धूळ झटकत. धूळ नसली तरी झटकत. कपाटाचे दार पुन्हा लागले की मला फार वाईट वाटे.

दालनाची व्यवस्था पाहणाऱ्या शिपायाला सगळे मामा म्हणत. बाईंची ताकापुरती आजी केली आहे, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. एकदा बाईंचेच नाव पक्के झाल्याची कुजबूज त्यांच्या कानावर आली. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कोणाला न विचारता मामांनी मला शिंप्याकडे नेले. माप म्हणून बाईंचा काळा झगा सोबत घेतला आणि माझा काठ आणि बाह्या त्या मापाने दुमडून शिवून आणल्या. इतका आनंद मला कोरा असतानाही झाला नव्हता.

आणि हुकूम आला तो भलत्याच नावाचा. नवे कुलगुरू बाहेरचे होते आणि पहिल्या कुलगुरूंपेक्षाही उंच. मामा इतके खट्टू झाले की त्यांनी कपाटाकडे पाहणेच सोडले. माझा काठ तसाच राहिला.

समारंभाच्या सकाळी बाई मला न्यायला आल्या. रीतीप्रमाणे नव्या कुलगुरूंच्या खांद्यावर मला त्यांनीच घालायचे होते. मामांनी मला बाहेर काढले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाई, चूक झाली. मी हा तुमच्या मापाचा करून ठेवला होता."

बाईंनी माझ्या दुमडलेल्या काठावरून बोट फिरवले. खाली पाहुणे जमू लागले होते. मग त्यांनी कात्री मागितली. मामांनी ती हातात दिली नाही. आधी दार लोटून घेतले.

"उसवायच्या आधी एकदा घाला, बाई. मी बघत नाही, पाठ करून उभा राहतो."

बाईंनी मला अंगावर घेतले. बाह्या मनगटाशी थांबल्या. काठ पावलांवर अलगद टेकला. दालनात आरसा नव्हता, म्हणून त्या मान खाली घालून मला नुसत्या पाहत राहिल्या.

"नीट बसलाय, मामा," त्या हळूच म्हणाल्या.

खाली बँड वाजू लागला. बाईंनी मला उतरवले, मांडीवर घेतले आणि एकेक टाका स्वतः उसवला. मग भरल्या सभागृहात, टाचा उंचावून, त्यांनी मला नव्या कुलगुरूंच्या खांद्यावर घातले. टाळ्यांचा कडकडाट झाला. या टाळ्या माझ्या नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आता माझी जर काळी पडली आहे. विद्यापीठाने नवा झगा शिवून घेतला आणि मी खालच्या खणात घडी होऊन पडलो आहे. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. डांबराच्या गोळ्या तेवढे पाहून घेतात. पण मित्रांनो, जो माणूस तुमच्यासाठी राबतो आहे, त्याचा मान त्याला तो कामावर असतानाच द्या, आणि चारचौघांत द्या. आमच्या बाईंना तो मिळाला लोटलेल्या दाराआड, आणि देणाऱ्याला पाठ फिरवून उभे राहावे लागले.