फेनाची पन्नाशी

पन्नासाव्या वाढदिवशी मी घरातून पळ काढला, तो एका बाहुलीच्या धास्तीने. आमच्या डच लोकांत बाईने पन्नाशी गाठली की घरचे लोक पहाटे उठून अंगणात माणसाएवढी पेंढ्याची बाहुली बसवतात. तिला सारा म्हणायचं. तोंडाच्या जागी वाढदिवसवालीचा शोधून काढलेला भयंकर फोटो, गळ्यात नावाची पाटी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने दात काढायचे. माझा नवरा मार्निक्स आठवडाभर गॅरेजमध्ये पेंढा कोंबत होता आणि मला पत्ता नाही असं समजत होता. “संध्याकाळपर्यंत मी नाही,” असं त्याला बजावून मी सकाळचीच गाडी पकडली.

ग्रोनिंगनला उतरले. परक्या गावातल्या साध्यासुध्या वस्त्यांतून पायी भटकायची मला खोड आहे. चर्च आणि म्युझियम ज्याला बघायचं त्याने बघावं. मला लोकांच्या खिडकीतल्या कुंड्या बघायच्या असतात, दोरीवरचे कपडे, आणि बिनपडद्याच्या खोलीत कोण कुणाशी न बोलता बसलंय तेही. अशी मी बरीच गावं तुडवलीत. ग्रोनिंगन तेवढं राहिलं होतं. आई म्हणायची, “काय आहे तिथे? नुसता वारा.” शाळेची सहल तिथे गेली तेव्हा मला ताप होता. म्हणजे आईने तसं बाईंना कळवलं होतं.

वारा होताच. स्टेशनापासून लांब, कालव्यापलीकडे विटांच्या घरांच्या रांगा लागल्या. एक बाई शिडीवर चढून खिडक्या धूत होती, एकजण कुंपण कातरत होता. मी मजेत होते. एका कोपऱ्यावर वळले तर समोरच्या अंगणात सारा बसलेली. मला हसूच फुटलं. घरच्या सारापासून पळाले आणि इथे दुसरीच्या दारात. कुणाची फजिती आहे ते बघावं म्हणून जवळ गेले.

फोटोतल्या पोरीला गालगुंड झालं होतं. एक गाल टम्म, डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला ठिपक्यांचा रुमाल, आणि जगावर राग. हाच फोटो माझ्या आईच्या कपाटावर आहे. ती पोरगी मी आहे.

पाटीवर लिहिलं होतं, ‘फेना ५०’.

मला आधी मार्निक्सचा राग आला. पण तो इथे कसा येईल, मलाच तर सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं कुठे जाणार ते. मी कुंपण धरून उभी राहिले.

अंगणात खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि चार-पाच शेजारी मांडीवर केकच्या बशा घेऊन बसले होते. एक उंच, वाकलेला म्हातारा कॉफीची किटली घेऊन माझ्याकडे आला.

“बघा, बघा, लाजू नका,” तो म्हणाला. “माझी लेक आहे. आज पन्नाशीची झाली.”

“तुमची लेक,” मी म्हणाले.

“एकुलती एक. कॅनडात असते, यायला जमत नाही. पण फोन करते हो दर वाढदिवसाला, न चुकता.”

माझे वडील मी चार वर्षांची असताना बोटीवरून पडून उत्तर समुद्रात बुडाले. समुद्राने त्यांना परत दिलं नाही, म्हणून कबर नाही. हे मला आईने सांगितलं होतं, आणि मी माझ्या मुलांना सांगितलं होतं. आता बुडालेला माणूस माझ्यासमोर उभा राहून कॉफी घेणार का विचारत होता. त्याच्या हनुवटीला खळी होती, माझ्या धाकट्यासारखी.

तेवढ्यात शेजारची एक लठ्ठ बाई सायकल भिंतीला टेकवून आत आली. “ओन्नेकाका, अभिनंदन तुमच्या लेकीबद्दल,” म्हणत तिने म्हाताऱ्याचा हात हलवला. मग रीतीप्रमाणे गोलातल्या प्रत्येकाचं, ओन्नेकाकांच्या लेकीबद्दल, अभिनंदन करत सुटली.

“आणि आपली पोरगी यंदाही नाहीच आली? काका, ती आहे ना खरंच?”

सगळे हसले. म्हाताराही हसला आणि किटलीतून भरलेल्याच कपांत पुन्हा कॉफी ओतू लागला. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याला त्या किटलीने हाणावंसंही वाटलं. गप्प निघून जावं, तर मुलगी कॅनडात राहील आणि बाप समुद्रात. बोलावं, तर पुढे काय, हे मला कळत नव्हतं.

“तुम्ही कोण?” त्या बाईने मला विचारलं. “आत या की. केक आहे.”

मी फाटक उघडून आत गेले आणि म्हाताऱ्यापुढे हात केला.

“अभिनंदन,” मी म्हणाले, “तुमच्या मुलीबद्दल.”

“आभारी आहे, आभारी आहे. आपलं नाव?”

“फेना.”

तो बाहुलीकडे बघेल असं मला वाटलं होतं. तो रस्त्याकडे बघू लागला, माझ्यामागून आणखी कुणी येतंय का ते. माझा हात त्याने सोडला नाही. मग खाली वाकून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, “आईला सांगून आलीस का?”